सात नंबरची बाटली

जेवण झालंय आणि मी उजव्या कुशीवर पडून खिडकीच्या पडद्याकडे बघतेय. झोपायचं नाहीये. पाच वाजायच्या आत एका ईमेलला उत्तर द्यायचंय आणि काय लिहावं ते अजून सुचत नाहीये, म्हणून फक्त दहा मिनिटं पाठ टेकलीय. बाहेरच्या खोलीत पद्माकर, माझा नवरा, वर्तमानपत्राची पानं उलटतोय. पडदा वाऱ्यानं आत येतो, बाहेर जातो.

ईमेल बेंगळुरूच्या ऋजुता नावाच्या तरुण संशोधक मुलीचं आहे. मी तिला कधी पाहिलेलं नाही. तिनं लिहिलंय की मंगळासारखी हवा आणि मंगळासारखी थंडी असलेल्या एका बंद पेटीत कुठले जिवाणू तग धरतात हे तिला बघायचंय, आणि त्यासाठी तिला आमचा जुना जिवाणू हवाय. अकरा वर्षांपूर्वी लोणारच्या सरोवरातून आणलेला. सात नंबरच्या बाटलीतला. तो आमच्या विभागाच्या फ्रीझरमध्ये अजून आहे. पण त्याच्या फाइलवर माझा शेरा आहे: नमुना सरोवराच्या मध्यावरचा नाही, संकलन विश्वासार्ह नाही. ऋजुता विचारते, ‘हे तुम्ही कशावरून लिहिलं? मी नमुने गोळा करणाऱ्या तुळशीराम मापारींना शोधत होते. ते गेल्या हिवाळ्यात वारले असं कळलं. म्हणून आता तुम्हालाच विचारते.’

तो वारल्याचं मला या ईमेलवरूनच कळलं.

पडदा आत येतो आणि या वेळी बाहेर जात नाही. तो तसाच फुगून राहतो. त्याच्यामागे कुणीतरी बसलंय.

“मॅडम, झोपल्या का?”

“नाही.”

“मंग मी कसा काय आलो?”

तुळशीराम आहे. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पोटऱ्यांवर खारट पाण्याचे पांढरे ओघळ सुकलेले. तो मेलाय हे मला पक्कं माहीत आहे आणि तरी माझ्या मनात पहिला प्रश्न येतो की दाराची कडी कुणी काढली.

“पद्माकरनं आत घेतलं का तुम्हाला?”

“नाही. त्ये पेपर वाचून राह्यले.”

“मग काय काम काढलंत?”

“मी कुठं काढलं? तुमाले कागद आला म्हून आठवण झाली माही. नाहीतं अकरा वर्सांत कधी झाली?”

मी उठून बसते. ज्या माणसाचं आपण वाईट केलंय तो मेल्यावर सहज म्हणून भेटायला येत नाही. याला काहीतरी हवंय. मी त्याच्या हातांकडे बघते. हात रिकामे आहेत. बोटांची कातडी तशीच आहे, सोड्याच्या पाण्यानं फाटलेली.

तो बसलाय ती खुर्ची आता खुर्ची नाही, आमच्या प्रयोगशाळेतलं उंच स्टूल आहे. मी टेबलाच्या या बाजूला उभी आहे, अंगात पांढरा कोट, आणि फ्रीझरचं दार उघडं राहिलंय. त्यातून वाफ खाली उतरतेय. टेबलावर बारा बाटल्या ओळीनं मांडल्या आहेत. त्या बारा बाटल्या त्यानंच भरल्या होत्या. टायरच्या ट्यूबा बांधून केलेल्या तराफ्यावरून सरोवराच्या मध्यापर्यंत जायचं, दोरीला वजन बांधून डबा तळाशी सोडायचा, गाळ आणि पाणी वर काढायचं. आमच्यापैकी कुणाचीच त्या तराफ्यावर बसायची हिंमत नव्हती.

अकरा बाटल्यांचा पीएच दहाच्या वर होता. सातव्या बाटलीचा नवाच्याही खाली. आणि नेमका सातव्याच बाटलीतला जिवाणू वाळवला तरी मरेना, गोठवला तरी मरेना, हवा काढून घेतली तरी मरेना. सगळा विभाग हरखला होता. हा मंगळावरसुद्धा जगेल, असं कुणीतरी चहा पिताना म्हणालं आणि आठवड्याभरात सगळेच म्हणायला लागले. मला मात्र ती बाटली खटकत होती. सरोवराच्या काठावर गोड्या पाण्याची धार पडते, तिथं पीएच उतरतो. या माणसानं उन्हाचा कंटाळा केला असणार, एक फेरी वाचवली असणार आणि सातवी बाटली त्या धारेपाशी भरली असणार. मी तसं अहवालात लिहिलं आणि समितीपुढं वाचून दाखवलं. काम थांबलं. पुढं दुसऱ्या कुठल्याही चमूनं तुळशीरामला बोलावलं नाही. तो वीटभट्टीवर जातो, असं नंतर कानावर आलं.

“तुम्ही खरे कशावरून?” मी विचारते.

“म्हंजे?”

“तुम्ही माझ्याच डोक्यातून आला असाल. दुपारचं जेवण, ते ईमेल, सगळं मिळून.”

तो हसत नाही. “आता माह्यावर बी शेरा मारता का?”

मी शेरा मारत नाहीये. परग्रहावर जीव सापडला तर पहिला प्रश्न कुठला, हे मी तीस वर्षं शिकवलं. तो तिथलाच कशावरून? आपल्याच यानाला चिकटून, आपल्याच कुणाच्या तरी शिंकेतून गेला नसेल कशावरून? शंका घेणं हेच तर माझं काम. मी त्याला तसं सांगते.

“एक करा,” मी म्हणते. “मला माहीत नाही असं काहीतरी सांगा. म्हणजे तुम्ही बाहेरून आलात हे सिद्ध होईल.”

तो सातव्या बाटलीचं बूच चाचपतो.

“तुमाले माहीत हाये ते सांगतलं तं तुम्ही म्हणान, हे माह्याच मनातलं. माहीत नाही ते सांगतलं तं म्हणान, हे खोटं. मी बोलू तरी काय, मॅडम?”

मी फ्रीझरचं दार लावायला वळते. फ्रीझरची वाफ घोट्यापर्यंत आलीय. ती थंड नाही, ओली आहे. खाली बघते तर फरशीवर पाणी आहे आणि ही प्रयोगशाळा नाहीच. लांब टेबल, हिरवं बनातीचं कापड, समितीचे पाच पेले. माझ्या हातात तो अहवाल आहे आणि मी तो वाचून संपवलाय. खुर्च्या रिकाम्या आहेत. पाणी टेबलाच्या पायांना लागून डुचमळतंय आणि कुणालाच त्याचं काही वाटलेलं दिसत नाही.

“त्या दिवशी तुम्ही इथं नव्हता,” मी म्हणते.

“व्हतो की. भाईर. चपला काढून भितीले टेकून बसलो व्हतो. चपराशी म्हणे, थांब, साहेब लोक बोलावतीन. सकाळच्या यष्टीनं आलो व्हतो. चार घंटे बसलो.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“सांगाचं काय त्याच्यात? तुम्ही भाईर आल्या न. मी उभा राह्यलो.”

मी अहवाल टेबलावर ठेवते.

“तुम्ही म्हणल्या, ‘झालं काम, या आता.’”

हे मात्र माझ्या मनातलं आहे, याबद्दल शंका नाही. अकरा वर्षं मी ते कुणाला सांगितलेलं नाही, पद्माकरलाही नाही. मी दार उघडून बाहेर आले, तो भिंतीला धरून उठला, आणि आपल्याला काहीतरी विचारतील अशी आशा त्याच्या तोंडावर होती. एकच प्रश्न पुरला असता. सातवी बाटली कुठं भरली? मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, झालं काम.

“मला उशीर झाला होता,” मी म्हणते.

“हो. मले बी.”

तो टेबलाच्या कडेला हात लावून ढकलतो आणि टेबल सुटतं. आम्ही दोघं त्याच्यावर बसलोय, आणि ते टेबल नाही, चार ट्यूबा आणि वर बांधलेली फळी आहे. भोवती विवराची काळी कडा गोल फिरून स्वतःलाच येऊन मिळते. ऊन पांढरं आहे. पाण्याचा रंग शेवाळलेल्या टाकीसारखा. तो दोन्ही हातांनी पाणी मागे लोटतो आणि काठ लांब जातो. मला पोहता येत नाही. तो मला इथं कशाला आणतोय हे मला कळत नाही आणि त्याला माहीत आहे की मला पोहता येत नाही.

“तुळशीराम, परत चला.”

“भ्याल्या का?”

“हो.”

“मी बी भ्यायचो. पैल्यांदा आलो तवा बापानं ढकललं व्हतं.” तो पाणी लोटतच राहतो. “मॅडम, मंगळावर जीव हाये का?”

“पुरावा नाही.”

“म्हंजे नाही?”

“नाही असं नाही. पुरावा नाही.”

“माह्या बापाले बी लोक सांगत, हे मेलेलं पाणी हाये. मासा नाही, बेंडूक नाही. बाप म्हणे, मंग वास काहून येते? सडक्या अंड्यावानी वास. दगडाले वास येते का? वास येते म्हंजे खाली कोनीतरी जेवून राह्यलं.”

तो बरोबर बोलतोय. तळाच्या गाळातले जिवाणू जे खातात त्यातूनच तो वायू येतो. दूरच्या ग्रहांच्या हवेत आपले लोक दुर्बिणी लावून अशाच एखाद्या वायूचा माग काढताहेत. हे मी त्याला कधी सांगितलं होतं का? की हे मलाच माहीत असलेलं मी त्याच्या तोंडी घालतेय? वास खरंच येतोय. नाकात बसलाय.

तराफा थांबतो. अगदी मध्यावर.

“इथं भरली सातवी,” तो म्हणतो.

“पण इथलं पाणी तर…”

“खाली झिरपा हाये. गोड्या पान्याचा. लहान हाये, चुलीयेवढा. वरून दिसत नाही. डबा त्याच्यावर पडला की पानी वेगळं येते. आमाले माहीत व्हतं.”

“मग सांगितलं का नाही?”

“कोनाले?”

एवढंच म्हणतो तो. आवाज चढवत नाही. मी वाट बघते की आता तो शिवी देईल, मला ढकलेल, बायकोचं नाव घेईल, वीटभट्टीवर काढलेल्या दिवसांचं काहीतरी बोलेल. मला ते चाललं असतं. तो फक्त थोडा बाजूला सरकतो आणि माझ्यासाठी फळीच्या कडेला जागा करतो.

“पाय घाला.”

“कशाला?”

“माह्यावर इश्वास ठेवू नका. पाय घाला न पाहा.”

ही युक्ती असू शकते. पाय घातला की तो ओढणार. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघते आणि तिथं युक्ती शोधते. तिथं एक थकलेला माणूस आहे, ज्याला अजून संध्याकाळच्या आत पाच बाटल्या भरायच्या आहेत. मी साडी वर धरते आणि डावा पाय पाण्यात सोडते. पाणी कोमट आहे, साबणासारखं बुळबुळीत. खोल जात नाही असं वाटतं आणि पाय मात्र खाली खाली जात राहतो, माझ्या पायाच्या लांबीपेक्षा कितीतरी खाली, मऊ गाळात रुततो. आणि तिथं, गाळाच्या आत, बोटांमधून एक बारीक थंड धार वर येते. थंडगार. दिवाळीतल्या पहाटेच्या नळासारखी.

“लागलं का?” तुळशीराम विचारतो.

“लागलं,” मी म्हणते.

पडदा बाहेर जातो. चार वाजून दहा मिनिटं झालीत. पद्माकर स्वयंपाकघरात आधण ठेवतोय, भांड्याचा आवाज येतोय. मी पांघरूण तसंच ठेवून उशाशी असलेला लॅपटॉप मांडीवर घेते, आणि आता काय लिहायचं ते मला शोधावं लागत नाही.

‘प्रिय ऋजुता, सातवी बाटली काठावर भरली, असं मी लिहिलं तेव्हा माझ्याकडे पुरावा नव्हता. फक्त संशय होता. बाटली भरणारे तुळशीराम मापारी त्या दिवशी दाराबाहेर चार तास बसले होते आणि मी त्यांना विचारलं नाही. सरोवराच्या तळाशी, मध्यावर, गोड्या पाण्याचा झिरपा असू शकतो. कुणीतरी जाऊन तिथलं तापमान आणि क्षारता मोजावी. तोवर माझा शेरा ग्राह्य धरू नये. आज मी विभागालाही तसं कळवतेय. जिवाणू वापरलात तर नमुना गोळा करणाऱ्याचं नाव लिहा.’

स्वप्नाचं काही लिहीत नाही. स्वप्न हा पुरावा नसतो. ते चार तासही स्वप्नातलेच आहेत, हे वाचून बघताना लक्षात येतं. मी ‘चार तास’ खोडते आणि लिहिते, ‘बसले होते, किती वेळ ते मला माहीत नाही.’ मग पाठवते.

पद्माकर चहा घेऊन येतो. मी पांघरूण सारून पाय खाली सोडते. कप ठेवता ठेवता तो वाकलेलाच राहतो.

“विशाखा, हे एकाच पायाचं असं कसं गं झालं?”

मी बघते. उजव्या पायातली जोडवी पांढरीशुभ्र आहेत. डाव्या पायातली काळी पडलीत, पार काळी, तव्याच्या बुडासारखी. चारही एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेली. सकाळी आंघोळीनंतर पाय पुसले तेव्हा चारही सारखीच होती.

सडक्या अंड्याच्या वासाचा तो वायू चांदीला काळं करतो. हे मी दर वर्षी पहिल्या सत्रात करून दाखवायची. दुसरं काही कारण असेल म्हणून मी शोधते. साबण? तो दोन्ही पायांना लागतो. मलम मी लावत नाही. बागेत आज गेलेच नाही.

मी पाय मांडीवर घेते आणि पदरानं जोडवं घासते. निघत नाही. अंगठ्याला थुंकी लावून पुन्हा घासते. निघत नाही.

“चहा निवतोय,” पद्माकर म्हणतो.