सहा जागा आणि नवी नात

लेकीकडे अमेरिकेत आले की दूध आणायचं काम माझं. काल पेट्रोल पंपावरच्या दुकानात एक गोरे आजी-आजोबा लॉटरीचे आकडे निवडत काउंटर अडवून उभे होते. पाच पांढऱ्या चेंडूंवर पाच नातवंडांच्या जन्मतारखा, थोरल्याची बारा सगळ्यांत आधी, आणि सहाव्या, लाल चेंडूवर आजोबांची. आणि आदल्या दिवशी, तीस तारखेला, सहावं नातवंड, एक नात, जन्मली होती.

"हनी, माझा नऊ काढ. लाल तिला दे," आजोबा म्हणाले.

"लालमध्ये तीस आकडाच नाही, सव्वीसपर्यंतच आहेत!" आजी हवालदिल झाल्या.

मला दुधाची घाई होती, पण पाय हलेना. काउंटरवरच्या गुजराती भाभींनी मला हिंदीत खेळ समजावला. लहान राज्यांना एकेकट्याने मोठं बक्षीस परवडेना, म्हणून ती एकत्र आली. कुणालाच लागलं नाही, तर रक्कम पुढच्या सोडतीत जाते. राज्यं वाढली, तसे डब्यातले पांढरे चेंडूही वाढवले. निवडायचे मात्र अजून सहाच. मला वाटलं, घरंही अशीच असतात. माणसं वाढतात, भिंती तेवढ्याच राहतात, आणि प्रत्येक जण आनंदाने थोडा सरकतो.

"थोरला बारा तारखेचा ना? त्याला लालवर बसवा, बाळाला पांढऱ्यात घ्या," न राहवून मी म्हणाले.

आजींनी टाळीच वाजवली. मग नवऱ्याकडे वळून हळूच विचारलं, "आणि तू कुठे?"

आजोबांनी छापून आलेलं तिकीट उचललं. "मी? मी सगळ्यांना धरून उभा राहतो."