वेनिंगचा पहारेकरी

मेरापी ज्वालामुखीच्या पायथ्याच्या आमच्या धोका-इशारा चौकीत म्बाक, म्हणजे ताई, वेनिंगला सगळे टरकून असतात. नदीकाठचे भोंगे ज्या लिनक्स सर्व्हरवरून वाजतात, तो तिच्या ताब्यात. कोण कुठले चोर सतत त्याचे पासवर्ड चाचपडत होते, म्हणून तिने एकेक दार बंद केलं आणि आत पहारेकरी प्रोग्राम बसवला: तीनदा पासवर्ड चुकला, की ती अख्खी इंटरनेट लाइन तासभर बाहेर.

"सख्खी आई आली तरी सोडणार नाही," ती मिरवायची.

त्या दुपारी वायरलेस खरखरला. वरच्या टेहळणीवरून ओरड आली, "लाहार सुटलाय! चिखल, दगड, सगळं घेऊन येतोय!"

खाली नदीपात्रात ट्रकांत वाळू भरणारे होते. त्यांत वेनिंगचा धाकटा भाऊ प्रानोतो. तिथे फोन लागत नाही, चौकीतही रेंज नाही. उरला भोंगा.

म्हातारे राखणदार गिमानकाका, आमचे पाक गिमान, यांनी तिच्याआधी मोबाइल उचलला आणि चौकीच्या वायफायवरून सर्व्हरचा पासवर्ड टाकायला घेतला. चष्मा कपाळावर, अंगठा केळ्याएवढा.

"चुकीचा म्हणतोय गं... परत चुकीचा... आता तर बोलतच नाही मेला!"

"पाक! पहिलं अक्षर मोठं पडतंय! मोबाइल आपोआप करतो, किती वेळा सांगू?"

"मला वाटलं, मान देतोय."

वेनिंगने लॅपटॉप उघडला. तीही बाहेर! चौकीला लाइन एकच, आणि पहारेकऱ्याने तीच कापली होती.

लॅपटॉप छातीशी धरून ती समोरच्या जुमिराहकाकूंच्या, म्हणजे बू जुमिराहच्या, टपरीत घुसली. "बू, वायफायचा पासवर्ड!"

"बेली दुलू." म्हणजे, आधी विकत घ्या.

"अहो, माणसं मरतील! पासवर्ड!"

"तेच सांगतेय, बेली दुलू!"

वेनिंगने पाकीटच फेकलं. "घ्या! कॉफी, भजी, अख्खी टपरी द्या! पण पासवर्ड बोला!"

"अगं बये, पासवर्डच तो! फुकट्यांसाठी ठेवलाय!"

तिने घाईत, वाक्य लिहावं तसा टाइप केला. चुकीचा. नदीकडून दगडांची घरघर ऐकू यायला लागली.

दारात पाक गिमान धापा टाकत उभे. "पहिलं अक्षर, पोरी... लहान!"

भोंगा वाजला.

माणसं काठावर चढू लागली. वेनिंग एकेक तोंड बघत होती. मग काळा लोंढा आला.

सगळ्यांत शेवटी कमरेपर्यंत चिखलाने माखलेला प्रानोतो. "म्बाक, ट्रक गेला गं."

तिने त्याचा कान पकडला आणि सोडलाच नाही.

"पहारेकरी चोख आहे हो तुझा," पाक गिमान म्हणाले. "चोर बाहेर, आपणही बाहेर."

"आता तरी काही घेणार?" बू जुमिराह.

"दोन कॉफी," वेनिंग म्हणाली. कान तसाच हातात.