गुल्फाच्या माळावरचा दगड

नळदुर्गच्या अलीकडे बोरी नदी एक मोठं वळण घेते. त्या वळणाच्या पोटात एक सपाट माळ होता. फार पूर्वी, छावणीच्या दिवसांत, कुणा गोऱ्या साहेबाने तिथे गोल्फ खेळायची जागा करून घेतली. खेळ सरळ व्हावा म्हणून त्याने मधून वाहणारा ओढाही बुजवून टाकला. साहेब गेला, छावणी उठली, माळ तेवढा राहिला. पुढे निजाम सरकारच्या अंमलदारांनी तिथे क्लब काढला आणि वर्गणी भरील त्याला मैदान मोकळं केलं. तहसीलचे हाकीम, दोन वकील, दवाखान्याचे डॉक्टर, उस्मानाबादेहून मोटारीने आलेले पाहुणे, असे लोक संध्याकाळी तिथे काठ्या घेऊन हिंडत. गावकरी त्याला गुल्फाचा माळ म्हणत, आणि त्या माळाची राखण करणाऱ्याला गुल्फाचा शरणबसप्पा.

शरणबसप्पाचं रान माळाला लागूनच होतं. तरणाबांड असताना त्याच्या ज्वारीत एकदा पांढरा चेंडू येऊन पडला. त्याने तो धोतराला पुसून ज्याचा त्याला नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडला, त्याने पुन्हा दिला. तिसऱ्या खेपेला क्लबाचे साहेब म्हणाले, तू इथेच राहा. तेव्हापासून तो राहिला.

माळावर हिरवळ कुठली? दहा महिने वाळलेलं कुसळ. म्हणून चेंडू घालायच्या नऊ खड्ड्यांपैकी प्रत्येकाभोवती नदीची बारीक रेती पसरून तिच्यात मोटारीचं काळं तेल कालवत, म्हणजे ती वाऱ्याने उडत नसे. त्या काळ्या चकत्यांना साहेब लोक ब्राऊन म्हणत. माणसं चालून गेली की शरणबसप्पा त्यावरून पोतं ओढायचा आणि चकती पुन्हा आरशासारखी करून ठेवायचा. जिथे उभं राहून पहिला टोला मारायचा त्या जागी एकेक दगड रोवलेला होता. दिवाळीच्या आधी त्या सगळ्या दगडांना तो चुना द्यायचा.

त्याची बायको सिद्धम्मा आळंदकडची. बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि हसणं दोन्हीकडचं. दुपारी ती भाकरी घेऊन यायची आणि तिसऱ्या खड्ड्याच्या टेकाडावर बसायची. सगळ्या माळावर तेवढंच उंच, तेवढाच वारा. तिथून खेळ बघत ती म्हणायची, "एवढी शिकलेली माणसं, आन् एक गोळी बिळात घालाय तासभर? आमच्या मांजरानं कवाच घातली असती."

"हळू बोल, ऐकतील."

"ऐकू द्या की. मांजर आणून देते म्हणावं."

पावसाळ्यात माळाचं तळं व्हायचं. बोरी फुगली की पाणी बुजवलेला ओढा शोधत यायचं, आणि ओढा सापडला नाही की चौथ्या-पाचव्या खड्ड्यावर ठाण मांडून बसायचं. रेती वाहून जायची, तेल वर तरंगायचं. क्लब बंद व्हायचा आणि अंमलदार आपापल्या कामाला लागायचे. दसऱ्यानंतर शरणबसप्पा नदीची रेती टोपल्यांनी परत वर आणायचा. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

एका श्रावणात असाच पूर आला आणि त्याच पुरात सिद्धम्मा तापाने गेली. डॉक्टर नदीपलीकडे अडकले होते. लिंगायतांच्यात माणूस जाळत नाहीत. बसवतात. खोल खड्डा घ्यायचा, आत माणसाला मांडी घालून बसवायचं, हातात त्याचं इष्टलिंग द्यायचं, वरून विभूती आणि बेलाची पानं. शरणबसप्पाच्या घराण्याची बसवायची जागा रानाच्या कोपऱ्यात, अगदी नदीकाठी होती. तिथे त्या दिवशी छातीइतकं पाणी होतं. विधीला आलेल्या जंगमस्वामींनी चहूकडे नजर फिरवली. सगळीकडे पाणी, मधे एकटं ते टेकाड. स्वामी म्हणाले, "शरणप्पा, शिवाला काय, समदी भुई सारखीच."

भाऊबंदांनी मुरमात खड्डा घेतला. परवानगी विचारावी तर क्लबाचे सेक्रेटरी हैदराबादला गेलेले. सिद्धम्माला तिच्या बसायच्या जागीच बसवलं. वर एक दगड रोवला. त्या दिवाळीला शरणबसप्पाने सगळ्या दगडांना चुना दिला तेव्हा त्या दगडालाही दिला. खेळणाऱ्यांना वाटलं, टोल्याच्या जागेचा आणखी एक दगड असेल. कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

अडचण एकच होती. दगड कमरेइतका, माथ्याला सपाट. टोला मारण्यापूर्वी साहेब लोक डोक्यावरची टोपी काढत आणि हाताशी काय आहे म्हणून त्याच्यावर ठेवायला जात. टोपी दगडाला टेकायच्या आत शरणबसप्पा पुढे होऊन ती हातात घेई. ऊन असो, थंडी असो, तिसऱ्या खड्ड्यापाशी खेळणारा पोचला की हा तिथे उभा. वकीलसाहेब कौतुकाने म्हणत, "असा अदबीचा माणूस अख्ख्या जिल्ह्यात मिळायचा नाही." शरणबसप्पा मान खाली घालून टोपी धरून उभा राही.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत त्या भागाला नवे तालुकदार, म्हणजे सगळ्यांत वरचे हाकीम, आले, सय्यद मुर्तझासाहेब. वयस्क, अंगाने भारी, खेळाचे नादी. त्यांना मैदान आवडलं, पण पहिल्याच पावसाळ्यानंतर त्यांचा बूट चौथ्या खड्ड्यापाशी चिखलात रुतून बसला तो निघेना. बूट तिथेच ठेवून ते एका पायावर मोटारीपर्यंत आले आणि म्हणाले, "बस हो गया. ये मैदान दुरुस्त होगा."

दुरुस्तीला ओव्हरसियर वसंतराव आले. औरंगाबादेकडचे तरुण गृहस्थ, स्वभावाने सरळ, कामाला चोख. त्यांनी माळ पायाखाली घातला, खुंट्या ठोकल्या, दोऱ्या बांधल्या आणि बेत सांगितला. टेकाड कापायचं. त्यातला मुरूम चौथ्या-पाचव्यावर पसरून जमीन वर उचलायची. गाडीभाडं नको, लांबून माती नको. तालुकदारसाहेब खूश झाले.

खुंट्यांची ओळ सिद्धम्माच्या दगडाच्या उजव्या अंगाने गेली होती आणि डाव्या अंगाने परत आली होती. शरणबसप्पाने ती पाहिली. त्या दिवशी त्याला भाकरी गोड लागली नाही.

त्याची लेक महादेवी जवळच दिली होती. दर वर्षी आईच्या दिवसाला ती गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, करून दगडापाशी ठेवायची. ती बातमी ऐकून आली. "अप्पा, बोला की. अव्वा काय चोरून बसलीया व्हय?"

"चोरूनच की. इचारलं कुटं व्हतं आपुन?"

"मग आता इचारा."

"आन् न्हाय म्हनले तर? वर काढा म्हनले तर?"

 महादेवीने नुसता पदर खोचला आणि बापाच्या ओसरीवर बसून राहिली. तो उठून जाईपर्यंत ती हलणार नव्हती हे त्याला कळलं. या बाबतीत ती आईवर गेली होती.

शेवटी तो उठला. वसंतराव टेकाडाच्या पायथ्याशी मजुरांना काम वाटून देत होते.

"साहेब, त्या टेकाडावर माजी बायकू हाय."

वसंतरावांनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. "कुठे? दिसत नाही. सांगा त्यांना खाली यायला. आता टिकाव पडायचे आहेत."

पाट्या घेऊन उभ्या असलेल्या बायांत तुळजाबाई होती. तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "येत्या व्हय खाली! धा वर्सं झाली वैनीला बसून. आन् आमी काय तिच्या डोक्यावर टिकाव घालणार न्हाय. दुसरं काम असंल तर सांगा." तिने पाटी उपडी घातली आणि तिच्यावर बसली. बाकीच्या बायाही बसल्या.

वसंतराव क्षणभर गोंधळले. मग चुन्याच्या दगडाकडे, मग शरणबसप्पाच्या तोंडाकडे पाहून त्यांना उमगलं. ते ओशाळले. आवाज खाली आणून म्हणाले, "शरणप्पा, मला कसं कळणार? आपण असं करू. तुमच्या स्वामींना बोलवा. काय विधी असेल तो करा आणि दुसऱ्या चांगल्या जागी हलवू. मी स्वतः उभा राहतो."

"बसवलेलं मानूस उठवत न्हाईत, साहेब," शरणबसप्पा म्हणाला. त्यात हुज्जत नव्हती. दिवस मावळतो असं सांगावं तसं त्याने सांगितलं.

"मग मला वर कळवावं लागेल. मी हुकमाचा ताबेदार."

"कळवा."

संध्याकाळी तालुकदारसाहेब खेळायला आले. पहिला खड्डा झाला, दुसरा झाला. वसंतराव मागून चालत होते, सांगायला तोंड उघडत होते आणि मिटत होते. साहेबांचा खेळ त्या दिवशी चांगला जमला होता. टेकाडावर पोचल्यावर त्यांनी घाम पुसला, टोपी काढली आणि सवयीने दगडाकडे हात नेला. सवयीनेच शरणबसप्पाने पुढे होऊन ती घेतली.

आता मात्र वसंतरावांनी सगळं सांगून टाकलं. पुराचं, स्वामींचं, बसवण्याचं, बायांनी पाट्या उपड्या घातल्याचं.

साहेबांनी काठी जमिनीला टेकवली. "कबर है?"

"हौ, हुजूर," शरणबसप्पा म्हणाला.

"तुम्हारे घर की?"

"हौ."

 साहेबांची स्वतःची बेगम बीडला निवर्तली होती आणि तिथल्या कबरस्तानात होती. बदली झाल्यापासून त्यांना तिकडे जायला मिळालं नव्हतं. हे त्या वेळी माळावर कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे त्यांनीच एकदा शरणबसप्पाला सांगितलं. त्या क्षणी त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"मियाँ, सच बोलो. हमने कितने बार टोपी रखी इस पर?"

"एकडाव बी न्हाय, हुजूर. म्या धरत व्हतो."

 शरणबसप्पाच्या हातून साहेबांनी टोपी परत घेतली आणि डोक्यावर घातली. तो टोला त्यांनी टोपी घालूनच मारला, आणि चेंडू कुठल्या कुठे भलतीकडे ज्वारीत गेला.

"ओवरसियरसाहब," ते वळून म्हणाले, "टेकडी रहेगी. अब बोलो, पानी का क्या करोगे?"

वसंतरावांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा माळ पायाखाली घातला. यावेळी खुंट्या न घेता. सगळं कुसळ वाळलेलं असताना माळाच्या मधोमध लव्हाळ्याची एक हिरवी रेघ वाकडीतिकडी गेलेली त्यांना दिसली. ती रेघ धरून ते नदीपर्यंत चालत गेले आणि परत आले. बुजवलेला ओढा तो. जमीन वर उचलायची कल्पना त्यांनी सोडली आणि ओढाच उकरून मोकळा करायचा ठरवला. त्यासाठी चौथा आणि पाचवा, दोन्ही खड्डे सोडावे लागणार होते.

"नौ के सात?" तालुकदारसाहेब कळवळले. चौथा त्यांच्या आवडीचा होता. तिथेच तर त्यांचा लांब टोला बसायचा.

"दोन खड्डे दोनदा खेळावे, साहेब. नऊ होतात."

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण हुकूम दिला.

बायांनी पाट्या सुलट्या केल्या. ओढा उकरताना तुळजाबाई वसंतरावांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणत होती, "पयल्याच दिशी इचारलं असतं, तर त्या दोऱ्या तरी वाचल्या असत्या." वसंतराव हसले. "तुम्ही तरी पहिल्या दिवशी कुठे बोललात, तुळजाबाई?" यावर ती भरलेली पाटी उचलून चालती झाली. हे गावात बरेच दिवस चवीने सांगितलं जात होतं.

काम संपायच्या आधी तालुकदारसाहेबांनी एक सुतार पाठवला. त्याने टेकाडावर, दगडापासून हातभर लांब, बाभळीचा एक खांब रोवला आणि त्याला खुंटी ठोकली. त्या दिवसापासून सगळ्यांच्या टोप्या तिथे लागू लागल्या. शरणबसप्पाला मात्र हातांचं काय करावं ते बरेच दिवस कळेना. खेळणारे आले की तो उगाच पुढे व्हायचा आणि मग थांबायचा.

पुढच्या श्रावणात बोरी फुगली. पाणी माळावर आलं, ओढ्यात शिरलं, सोडलेल्या दोन खड्ड्यांवर पसरलं आणि दोन दिवसांनी आल्या वाटेने निघून गेलं. बाकीची रेती जागच्या जागी राहिली. सोडलेल्या खड्ड्यांपाशी एक डबकं तेवढं मागे राहिलं; थंडीत त्यावर बदकं उतरली. तालुकदारसाहेबांचा चेंडू त्यांच्यात पडला की ती उडायची, आणि साहेब खेळ सोडून त्यांच्याकडे बघत राहायचे.

मग साहेबांची बदली झाली. मग हैदराबादचं राज्यच बदललं. क्लबाच्या काठ्या कुठे गेल्या, कुणी नेल्या, कुणाला सांगता आलं नाही. माळ गायरान झाला. टोल्याच्या जागेचे दगड लोकांनी कुणी चुलीला, कुणी बांधाला उचलून नेले. तिसऱ्यावरचा मात्र कुणी हलवला नाही.

शरणबसप्पाला आता कुणाचा पगार नव्हता आणि कुणाचा हुकूमही नव्हता. तरी दिवाळीच्या आधी तो चुन्याची बादली घेऊन टेकाड चढायचा. एकच दगड, त्यामुळे काम लवकर उरकायचं. मग डोक्याचा पटका काढून तो खुंटीला अडकवायचा आणि दगडाच्या शेजारी, वाऱ्याच्या तोंडाला, मांडी घालून बसायचा. खाली ओढ्याचं पाणी चमकायचं, शेरडं कुसळात तोंड घालायची.

सिद्धम्माच्या दिवसाला महादेवी यायची. हुग्गीचं भांडं दगडापाशी ठेवून, बापासाठी वेगळी वाटी काढून ती वाट बघत उभी राहायची.

"अप्पा, गार व्हतीया."

"हूं."

"आन् पटका घाला डोक्याला. वारं लागंल."

"ऱ्हाऊ दे गं," तो म्हणायचा. "हितं टोपी काडूनच ऱ्हायाचं आस्तं."