चटणी तिच्या वाट्याला गेली

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, बारामतीच्या कॉलेजात, सरांनी आम्हा सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलींना प्रोजेक्ट वाटून दिले. बाहेर तयार मिळणारं खाणं तपासायचं आणि त्यातल्या जंतूंवर औषधं चालतात का ते बघायचं. इंदापूर स्टँडवरच्या वडापावची हिरवी चटणी सरांनी आधी मलाच देऊ केली होती. मी नाक मुरडलं आणि पेढे मागून घेतले. चटणी गेली माझ्या रूममेटकडे.

ती निरवांगीची, बागायतदार घरची. अभ्यास माझ्यापेक्षा कमी करायची आणि मार्क मात्र जास्त आणायची. तिचं सुंदर अक्षरसुद्धा मला बघवायचं नाही.

जंतू वाढवलेल्या काचेच्या डिशमध्ये औषधात भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवायच्या. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती स्वच्छ कडं दिसतं. तिच्या डिशमध्ये तीन चकत्यांना कडंच नव्हतं. जंतू थेट चकतीला भिडले होते. सरांनी सगळ्या वर्गाला बोलावून ती डिश दाखवली. माझ्या पेढ्यांतले जंतू साधे निघाले, प्रत्येक औषधाला मरणारे. तिच्यासारखे हट्टी जंतू मिळावेत म्हणून मी एक पेढा दोन दिवस खिडकीत ठेवून पुन्हा तपासला. सर तो हुंगून म्हणाले, "हा विकत घेतलेला दिसत नाही, सांभाळलेला दिसतोय." वर्ग हसला. तीही हसली.

त्या शनिवारी मी इंदापूरला घरी गेले. वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, तहसील कचेरीत कारकून होते. दुपारी स्टँडवर वडापाव खायची त्यांची रोजची सवय. तीन दिवस झाले त्यांना जुलाब आणि ताप होता, डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. मी गोळ्यांचं पाकीट उलटून नाव वाचलं. तिच्या डिशमध्ये जी तीन औषधं हरली होती, त्यांतलंच एक.

रविवारभर मी गप्प राहिले. बोलायचं म्हणजे माझ्याच घरात तिचा प्रोजेक्ट वाचून दाखवायचा. गोळ्यांना वेळ द्यायला हवा, असं मी आईला सांगितलं.

सोमवारी सकाळी तात्या मोरीपाशी बसले ते उठेचनात. मी धावत डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तिची वही मागव." मी एसटीडी बूथवरून हॉस्टेलला फोन केला. ती पुढच्या एसटीनं स्वतःच वही घेऊन आली. डॉक्टरांनी सलाईन लावलं, गोळ्या बदलल्या, तात्यांच्या शौचाचा नमुना तपासणीला पाठवला. चार दिवसांनी रिपोर्ट आला. जंतूंची तीच जात, तीच न चालणारी औषधं. तोवर तात्या उठून बसले होते.

"ती पोरगी लई हुशार हाय," ते येईल त्याला सांगायचे. "तिच्यामुळं वाचलो. न्हाय तर काय खरं न्हवतं."

मी त्यांना चहा देत होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "तू बी शिक की तिच्याकडनं."

तो चहा मी त्यांच्या पुढ्यात जवळजवळ आदळलाच.

पुढं तिनं आणि सरांनी वडापाववाल्याला समजावलं. उकळलेलं पाणी, रोजची ताजी चटणी, हात धुवायला साबण. तो ऐकणारा माणूस होता. प्रोजेक्टला पुण्याच्या विद्यार्थी प्रदर्शनात बक्षीस मिळालं. टाळ्या वाजवताना माझे तळहात दुखले.

परतीच्या गाडीत मी तिला सांगून टाकलं, की त्या रविवारी गोळ्यांचं नाव ओळखूनही मी गप्प राहिले होते. 

"बापापेक्षा मी एवढी मोठी झाले तुला?" ती म्हणाली.

 आणि उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिनं खोली बदलली, आणि रिकाम्या कॉटकडं बघताना मला पहिला विचार आला तो हाच, की आता ती नव्या खोलीतल्या मुलींसोबतही माझ्यापेक्षा सुखात राहील.