कानबाईच्या गाण्यातली दुसरी बाई

सुरतपासून तासाभराच्या वाटेवर दगडाच्या खाणींची एक वस्ती होती. धुरपदाबाई नवऱ्याबरोबर पारोळ्याकडून तिथं आली, तेव्हा ऐन विशीत होती. चिंधा सुरुंगाची भोकं पाडायचा, ती खडी फोडायची. शेजारच्या खोलीत उषाबाई राहायची, तीही खानदेशचीच. दर श्रावणात दोघी मिळून खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी म्हणायच्या. धुरपदाबाईनं विचारायचं, उषाबाईनं उत्तर द्यायचं, असं त्यांचं ठरूनच गेलं होतं.

पुढं चिंधा छातीच्या दुखण्यानं गेला. मुलगा हिलाल सुरतेतल्या डिंडोलीत कापडाच्या लूमवर लागला आणि तिथलाच झाला. चौऱ्याण्णवला सुरतेत प्लेग आला, तेव्हा उषाबाईला तिचा मुलगा घाईघाईनं गावी घेऊन गेला. दिवाळीला येते, असं सांगून गेलेली उषाबाई परत आली नाही. वर्षभरानं ती वारल्याचा निरोप तेवढा आला.

त्यानंतर वस्तीचं रूप पालटलं. दारोदारी नळ आले, रस्त्यावर दिवे लागले, लादी घातलेला मोठा हॉल उभा राहिला. धुरपदाबाईच्या दुखऱ्या गुडघ्यांना आराम मिळाला खरा, पण विहिरीवर जाणं सुटलं आणि दिवस दिवस कुणाशी बोलणं होईना.

हॉलच्या उद्घाटनाला वस्तीतल्या प्रत्येक मुलखाच्या माणसांनी आपापलं जुनं काही सादर करायचं ठरलं. सरपंच मगनभाई तिच्या ओट्यावर येऊन बसले. कानबाईची गाणी येणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

ती म्हणाली, "भाऊ, हाई गानं एकलीनं नही."

मगनभाईंनी समजूत घातली, की माइक आहे, एकटीचा आवाजसुद्धा भरपूर होईल.

त्या दिवशी हिलाल बायकोला आणि मुलगी गायत्रीला घेऊन आला. धुरपदाबाईनं पहिलं कडवं म्हटलं आणि सवयीनं थांबली. गाणं संपलं असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या कडव्यालाही तेच झालं. तिसऱ्याला तिनं उषाबाईचं उत्तर स्वतःच म्हणायला घेतलं. इतकी वर्षं कानावर पडलेले ते शब्द तिच्या तोंडून कधी निघालेच नव्हते. अर्ध्यावरच तिला ते म्हणवेना. तिनं माइक खाली ठेवला. मगनभाईंनी तिच्या अंगावर शाल पांघरली.

बाहेर आल्यावर, मध्येच गप्प का झालीस, असं नातीनं गुजरातीत विचारलं, "बा, तमे वच्चे चूप केम थई गया?"

"तिथं उषाबाई म्हणायची."

"ए कोण?"

धुरपदाबाई सांगायला लागली, तोवर हिलालनं बस आल्याची हाक दिली. गायत्री खिडकीतून हात हलवत राहिली.

घरी येऊन धुरपदाबाईनं शाल घडी करून ट्रंकेत ठेवली. चौथं कडवं म्हणायचं राहूनच गेलं होतं. चूल पेटवता पेटवता तिनं ते हळू आवाजात म्हटलं, फक्त आपल्या वाटणीचं, आणि मग पीठ मळायला घेतलं.