मटिल्डाने न केलेली सही

कोर्सच्या शेवटच्या आठवड्यात हर्षवर्धन सरांनी प्रत्येकाला एक छापील कागद वाटला. वर ठळक अक्षरांत ‘माझं ध्येय’, खाली पाच रिकाम्या ओळी, त्याखाली सहीची जागा. ऑक्टोबर २००१ ची गोष्ट. वसई स्टेशनजवळच्या त्या इन्स्टिट्यूटमध्ये आम्ही बावीस जण नऊ महिने वेब डिझायनिंग शिकत होतो. शिकत होतो म्हणजे बहुतेक वेळ वहीत उतरवून घेत होतो. कॉम्प्युटर सहा होते आणि त्यांतले दोन कायम बंद.

“मोठं लिहा,” सर म्हणाले. “अमेरिका लिहा, प्रोजेक्ट लीडर लिहा. छोटं ध्येय लिहिणाऱ्याचं आयुष्यही छोटंच राहतं. कागद भरून द्या, प्रमाणपत्र घेऊन जा.”

त्या वर्षी वेबसाइटवाल्या कंपन्या एकामागून एक बंद पडत होत्या. सर रोज दोन वर्तमानपत्रं वाचत. त्यांना हे ठाऊक नव्हतं असं मी कधीच मानणार नाही.

एकवीस जणांनी कागद भरला. मीही. नालासोपाऱ्याच्या उन्नतीने ‘दोन वर्षांत कॅलिफोर्निया’ असं लिहून खाली दुहेरी रेघ ओढली.

मटिल्डा तुस्कानोने तो कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.

मटिल्डा वसईजवळच्या होळी गावची. तिच्या वडिलांची, सिप्रियनकाकांची, भाजीची वाडी होती. पहाटे मुळ्याच्या आणि पालकाच्या जुड्या बांधून ती क्लासला येई. जुड्या बांधायच्या केळीच्या सोपटाचा, खोडाच्या वाळक्या सालीचा, तपकिरी डाग तिच्या बोटांवरून कधी जात नसे. ती हळू लिहायची, खोडायची नाही. त्या दिवशी तिने तीन वाक्यं लिहिली. सरांनी ती वर्गाला मोठ्याने वाचून दाखवली.

“‘पंधरा नोव्हेंबरपर्यंत राजोडीच्या लेस्लीअंकलच्या भाड्याच्या खोल्यांची माहिती देणारं पान पुरं करीन. सायबर कॅफेत ते वीस सेकंदांत उघडेल. ज्याने कधी माउस धरला नाही अशा माणसालाही त्यातला फोन नंबर कुणाला न विचारता सापडेल.’ अगं, हे ध्येय आहे की वाण्याची यादी?”

वर्ग हसला. मीही हसले, ते आठवलं की अजून कान तापतात.

“सर, अमेरिकेत मला कोण नोकरी देईल ते माझ्या हातात नाही,” मटिल्डा म्हणाली. “हे आहे.”

“आणि हेही नाही जमलं तर?”

“तर पंधरा तारखेला कळेल. दोन वर्षं वाट बघायला नको.”

सरांनी तिचं प्रमाणपत्र खणात परत टाकलं. “पुढच्या बाजूला लिही, सही कर, मग ने.”

प्रमाणपत्र तिला हवं होतं. चौदा ठिकाणी अर्ज केल्यावर अंधेरीच्या एका लहानशा ऑफिसातून पहिलं उत्तर आलं होतं. वीस नोव्हेंबरला मुलाखत, प्रमाणपत्र सोबत आणावं. घरी सिप्रियनकाका वैतागले. त्यांच्या घरची बोली मला लिहिता येत नाही, म्हणून मला समजलं तसं सांगते.

“एक सही तर करायची आहे. तो कागद कोण बघणार?”

“पप्पा, मुळा पेरताना तुम्ही काय सांगता?”

“चाळीस दिवसांत निघेल म्हणून सांगतो.”

“पाच वर्षांनी तुमची मुंबईत दहा दुकानं होतील, असं लिहून देता?”

“मी काय येडा आहे?”

“मग मला का सांगता?”

काका दुसऱ्या दिवसापासून पहाटेच्या जुड्या एकट्याने बांधायला लागले.

खोल्या समुद्राजवळच्या, म्हणून लेस्लीअंकलना पानभर समुद्र हवा होता. मटिल्डाने त्यांनी दिलेला फोटो घातला, तेव्हा पान उघडायला तीन मिनिटं पन्नास सेकंद लागली. सायबर कॅफेत बसून तिने ते मनगटावरच्या घड्याळात मोजलं. मग समुद्र कापला, माड काढून टाकले, शेवटी पोस्टाच्या तिकिटाएवढी लाट उरली. अठरा सेकंद. “एवढ्याशा पाण्यात पोहायला कोण येणार?” अंकल कुरकुरले. “येतील, आधी पान तर दिसू दे,” ती म्हणाली.

मग तिने कधी माउस न धरलेल्या आपल्या बर्था मावशीला कॅफेत आणून बसवलं.

“हे धरायचं कसं गं?”

“धर कसंही. खोली हवी आहे, फोन करायचाय. नंबर शोध.”

मावशीला आधी खोलीचा फोटो दिसला. “फोटोआधी लेस्लीने चादर तरी बदलायची!” मग ती वरपासून खालपर्यंत बघत राहिली. नंबर अगदी तळाशी होता. तिथवर जायचं कसं हे तिला माहीत असायचं कारणच नव्हतं. मटिल्डाने तोंडातून शब्द काढला नाही. कॅफेवाला सांगायला उठला, तर त्याला हातानेच थांबवलं. पाच मिनिटांनी मावशीने हात टेकले.

नंबर वर आला, मोठा झाला. पण पुढच्या वेळी मटिल्डाने मावशीऐवजी शेजारच्या मेरीकाकीला नेलं. मावशी रुसली. “मी नापास झाले म्हणून?”

“तू नाही, मी नापास झाले. तुला आता ते पान ओळखीचं झालंय, म्हणून दुसरं माणूस.”

मेरीकाकीला नंबर लगेच सापडला. त्या दिवशी तेरा नोव्हेंबर होता.

मुलाखतीला ती ते पान फ्लॉपीवर घेऊन गेली, प्रमाणपत्राशिवाय. का नाही, तेही तिने सरळ सांगितलं. समोरच्या माणसाने पान उघडलं, ते तिने कुणाकुणाकडून तपासून घेतलं ते ऐकलं आणि एकच विचारलं, पहिल्या बाईला नंबर का सापडला नाही? मटिल्डा त्यावर पंधरा मिनिटं बोलली. तीन महिन्यांच्या बोलीवर तिला घेतलं.

तो कागद कशासाठी होता, हे आम्हाला फेब्रुवारीत कळलं. प्रवेशाच्या वेळी कबूल केलेली नोकरी मागायला उन्नती इन्स्टिट्यूटमध्ये गेली. सरांनी खणातून तिचा कागद काढून तिच्यासमोर ठेवला. “हे अक्षर कुणाचं? सही कुणाची? ध्येय तू ठरवलंस, मेहनत तू कमी केलीस. आम्ही काय करणार?” उन्नतीने ते खरं मानलं. याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. ज्या मुलीला नऊ महिन्यांत एक पान नीट करायला बसवलं नाही, तिच्याकडून कॅलिफोर्निया लिहून घ्यायचं आणि मग तेच तिच्या तोंडावर मारायचं! आता ती वसई पूर्वेच्या एका कारखान्यात खोकी भरते आणि ‘माझ्यातच जिद्द नव्हती’ म्हणते.

मे महिन्यात वर्तमानपत्राच्या घडीतून इन्स्टिट्यूटचं एक पत्रक घरोघर आलं. त्यावर मटिल्डाचा फोटो, प्रवेश अर्जावरून उचललेला. खाली लिहिलं होतं: ‘मोठं ध्येय पाहिलं, मोठी झाली!’

शनिवारी ती मला घेऊन इन्स्टिट्यूटमध्ये गेली. नवी बॅच बसली होती. फळ्याच्या वर, मोठा करून, तोच फोटो.

“ये, ये! मुलांनो, हीच ती,” सर उठून उभे राहिले.

“सर, मला तुम्ही प्रमाणपत्र दिलेलं नाही.”

“ते काय, आत्ता देतो. फक्त तो कागद तेवढा भर. आता तर नोकरीही आहे, लिहायला सोपं.”

तिने आवाज चढवला नाही. “मी तो भरला नाही म्हणून यांनी माझं प्रमाणपत्र अडवलं,” ती मुलांकडे वळून म्हणाली, “आणि फोटो मला न विचारता लावला. पुढे तुमचं तुम्ही बघा.”

सरांनी घाईघाईने खण उघडला. प्रमाणपत्र तिथेच होतं. तिने ते घेतलं, स्वतःचं नाव तपासलं.

“आता फोटो काढा.”

“अगं, तुझंच कौतुक आहे...”

ती उभीच राहिली. शेवटी सर स्वतः खुर्चीवर चढले.

पहिल्या बाकावरच्या मुलीला मटिल्डाने विचारलं, “किती महिने झाले तुला?”

“चार, ताई.”

“काय केलंस आतापर्यंत?”

“थिअरी चालू आहे.”

मटिल्डाने शेजारच्या कॉम्प्युटरची खुर्ची ओढली. “ये. एक पान करू.”

“बाहेरच्या माणसांना मशीनवर बसता येत नाही,” सर खुर्चीवरूनच म्हणाले. फोटो अजून त्यांच्या हातात होता.

“मी भिंतीवर होते तेव्हा आतली होते ना, सर?” मटिल्डा म्हणाली, आणि तिने बटण दाबलं.