ठिपक्यांचे कागद

त्या दुष्काळी वर्षी आमच्या पुंडलिकनगरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही कधी येईल याचा भरवसा नसायचा. बायकोची बदली नाशिकला झालेली, मुलगी तिच्याबरोबर तिकडच्याच शाळेत. वाळूजच्या नोकरीपायी मी इथं एकटा. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघी येणार होत्या. मीच फोनवर म्हणालो, "येऊ नका, अंघोळीचेही वांधे आहेत." बायको "बरं" म्हणाली. इतक्या पटकन म्हणेल असं वाटलं नव्हतं.

सुट्टीचा दिवस पाण्याची वाट बघत घरातच काढावा लागे. त्यातच मला प्रिंटरचा नाद लागला. कंपनीच्या स्टोअरमधलं जुनं सामान भंगारात निघालं होतं, त्यात एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होता. कॉम्प्युटर घरात येऊ लागले तेव्हा त्यांच्या शेजारी असाच कर्कश प्रिंटर असायचा. साहेबांना विचारून मी तो रिक्षात घालून घरी आणला. सोबत दोन्ही कडांना भोकं असलेल्या सलग कागदाचा गठ्ठाही मिळाला.

माझ्या लॅपटॉपला त्याची रुंद पिन बसेल अशी जागाच नव्हती. "ये तो अब कोई पूछता नहीं, साब," म्हणत दुकानदारानं माळ्यावरून धूळ खात पडलेली एक केबल काढून दिली. तिच्या एका टोकाला जुना रुंद प्लग, दुसऱ्याला यूएसबी. तरी लॅपटॉपला प्रिंटर ओळखू येईना. शेवटी 'फक्त मजकूर' असा साधा पर्याय निवडला, तर कागदावर नुसती वेडीवाकडी चिन्हं. प्रिंटरच्या मागच्या बारीक कळा वरखाली करून पाहिल्या. वाळलेल्या फितीला शिक्क्याच्या पॅडची शाई पाजली. बोटं कितीतरी दिवस निळी राहिली.

आणि एका रविवारी दुपारी माझं नाव कागदावर इंग्रजीत स्वच्छ उमटलं. कुणाला तरी दाखवावं म्हणून मी कागद टरकन फाडला आणि हातात धरून तसाच उभा राहिलो. मग मुलीला फोन लावला आणि प्रिंटर सुरू करून फोन त्याच्याजवळ धरला.

"बाबा, काही बिघडलंय का?"

"नाही गं, चालू झालाय!"

"अच्छा. मी क्लासला निघालेय. नंतर बोलू?"

फोन ठेवला तोच दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या मावशी होत्या. लासूर स्टेशनहून मुलाकडं राहायला आलेल्या, मुलगा आणि सून सुट्टीच्या दिवशीसुद्धा कामावर.

"काय वो, बोअर घ्यायलेत का?"

"नाही मावशी, छापायचं मशीन आहे."

"व्हय का? मला वाटलं, कुठं पाणी लागायलंय." त्यांचा चेहरा उतरला, पण त्या आत आल्या. छापलेला कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "ही अक्षरं न्हाईत, निस्ते ठिपके हायत." थोडं थांबून म्हणाल्या, "सडा टाकायला पाणी नाय. रांगोळी काढून लई दिस झाले. मला ठिपकेच पाडून देता का?"

पूर्णविराम आणि मोकळ्या जागा टाइप करून मी पानभर ठिपके छापले. मावशींनी तिथंच फरशीवर बसून पेनानं ते जोडले. दर रविवारी त्या येऊ लागल्या. बोलणं फारसं व्हायचं नाही. एकदा त्यांनी विचारलं, "मंडळी कधी येनार?"

"पाऊस झाला की."

"माझं बी तेच. पाऊस झाला की गावाकडं जाते म्हनते."

"तिकडं कोण आहे?"

"कुनी नाय."

पाऊस व्हायच्या आधीच आमच्या इमारतीचं बोअर आटलं. मावशींच्या मुलानं शहराबाहेर, शेतं मोडून उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीत घर घेतलं. मी कामावर असताना ते सामान घेऊन गेले. संध्याकाळी खाली कुलूप दिसलं. पुढचा रविवार मी प्रिंटरला हातही लावला नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा ठिपक्यांचा एक गठ्ठा छापला, शेजाऱ्यांकडून पत्ता घेतला आणि स्कूटरवर तिकडं गेलो. दार मावशींनीच उघडलं. कागद हातात घेतले, वरचं पान निरखलं आणि म्हणाल्या, "ठिपके जरा फिकट पडलेत."

"फीत जुनी झालीय. पुढच्या वेळी शाई घालतो. इथं पाणी येतं का?"

"येतं की, रोज येतं," त्या म्हणाल्या. "बसा. सगळे कामावर गेलेत. चहा ठेवते."

समोरच्या बाल्कन्या अजून रिकाम्या होत्या. स्वयंपाकघरातून त्या मोठ्यानं गावाकडचं काही सांगत होत्या. अर्धं ऐकू येत नव्हतं, तरी मी "हो, हो" म्हणत राहिलो.